चाळीस हजारांची वायर घ्यावी का?

(पत्राचा सारांश. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पत्र लिहिणारे बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. वय पंचेचाळिशीच्या पुढे. वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, त्यामुळे ऐकण्याची गोडी लहानपणापासूनची. मागच्या दिवाळीत थकीत वेतनाचा हप्ता मिळाला तेव्हा त्यांनी ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी घेतली, सगळं मिळून ९० हजारांची. दहा बाय बाराच्या खोलीत ती मांडली. पुण्याचा एक जुना मित्र आला, थोडा वेळ ऐकून म्हणाला, "सिस्टिम चांगली आहे, पण वायर गचाळ आहे. गाणं गुदमरतंय." तेव्हापासून गुरुजींनाही गाणं गुदमरल्यासारखंच वाटतं. गाणाऱ्याचा आवाज मधोमध उभा राहत नाही, पखवाज पोकळ वाजतो. छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानात त्यांनी ४० हजारांची स्पीकर-वायर आणि १६ हजारांची पॉवर कॉर्ड लावून ऐकली. "पडदा उठल्यासारखं झालं." लगेच ५ हजार आगाऊ देऊन आले. घरी मात्र वायर आणि कॉर्ड मिळून सहा हजारांची आहे असं सांगितलं. मुलगी लातूरला अकरावीला आहे, तिच्या क्लासचा पुढचा हप्ता भरायचाय.

ते विचारतात: महागड्या वायरीनं खरंच फरक पडतो का? पडत असेल तर तो मला आधी का कळला नाही, माझे कानच तयार नाहीत का? आणि बायकोला काय सांगू?

* * *

गुरुजी, नमस्कार.

प्रश्न तुम्ही तीन विचारलेत, पण मी अडले ती वेगळ्याच ओळीवर. मित्र येण्याआधीच्या दिवसांबद्दल तुम्ही सहज लिहून गेलात की जेवणं आटोपली की तासभर ऐकत बसायचो, मजेत होतो. म्हणजे तेव्हा तक्रार नव्हती. तक्रार मित्रानं हातात ठेवली आणि मग ती तुम्हाला ऐकू यायला लागली. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. पण "गुदमरतंय" म्हणजे नेमकं काय, हे त्यानं सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाही. खर्ज दबतोय? शब्द कळत नाहीत? टाळ कानाला टोचतात? नेमकी उणीव ठरवल्याशिवाय ती भरून काढायला ५६ हजार मोजायला तुम्ही निघालात, माझी पहिली हरकत तिथे आहे.

वायरीचं आधी संपवू, कारण त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं. मी बरीच वर्षं तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, त्यामुळे थोडं गणित सोसा.

स्पीकरच्या वायरीचं काम एवढंच की ॲम्प्लिफायरमधून निघालेला करंट वाटेत फारसा न गमावता स्पीकरपर्यंत न्यायचा. तुमच्या खोलीच्या मापावरून स्पीकर ॲम्प्लिफायरपासून तीन मीटरवर धरू. जायला तीन, यायला तीन, म्हणजे सहा मीटर तांबं. घराच्या फिटिंगसाठी इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते ती २.५ स्क्वेअर एमएमची तार घेतली तर तिचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मीटरला साधारण ०.००७ ओहम. सहा मीटरचा झाला ०.०४२. स्पीकर ८ ओहमचा धरला तर वायरीत जातो अर्धा टक्का, आवाजाच्या मापात ०.०५ डेसिबलच्या आसपास. शांत खोलीत कान देऊन ऐकणाऱ्यालाही अर्ध्या डेसिबलच्या आतला फरक सहसा लागत नाही. चांदीची घ्या, नाहीतर मनगटाएवढी जाड घ्या, ती वाचवून वाचवून एवढंच वाचवणार.

पण कुठलीही वायर चालते असंही नाही. मंडपवाल्यांकडे भेंडोळी पडलेली असतात ती बारीक लाल-काळी तार तुमच्याकडे लागलेली असेल, तर गोष्ट वेगळी. ०.२ स्क्वेअर एमएमच्या तारेचा त्याच सहा मीटरला रोध होतो अर्धा ओहम. स्पीकरचा रोध प्रत्येक स्वराला सारखा नसतो, कुठे चढतो कुठे उतरतो, आणि मधे अर्धा ओहम आला की काही स्वरपट्टे दबतात, खालचा आवाज सैल पडतो. ते ऐकू येऊ शकतं. मित्र अशा तारेला गचाळ म्हणाला असेल तर बरोबरच म्हणाला. फक्त त्याचा उपाय तुमच्या गावच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात हजारभर रुपयांत आहे, त्यासाठी संभाजीनगरची एसटी धरायला नको.

सोळा हजारांच्या पॉवर कॉर्डबद्दल मला एवढा संयम ठेवता येत नाही. वीज परळीच्या केंद्रातून निघो की आणखी कुठून, ती उपकेंद्र, डीपी, खांबावरची ॲल्युमिनियमची तार, मीटर आणि भिंतीतली जुनी वायरिंग एवढं सगळं पार करून तुमच्या सॉकेटात येते. शेवटच्या दीड मीटरला सोन्याचा मुलामा दिला म्हणून आधीचे कित्येक किलोमीटर शुद्ध होत नाहीत. शिवाय ॲम्प्लिफायर आत आलेल्या विजेचं आधी डीसी करतो, मग त्यातून गाणं वाजवतो. त्या कॉर्डमधून गाणं जातच नाही. ही खरेदी रद्द करा, यावर माझ्याकडे दुसरी बाजू नाही.

मग दुकानात पडदा उठला तो कसा? तुम्हाला भास झाला असं म्हणून मी मोकळी होणार नाही, कारण तुम्ही जे ऐकलं ते ऐकलंच. प्रश्न कारणाचा आहे. वायर बदलताना आवाज थांबवला, मग पुन्हा सुरू केला. तो पहिल्याएवढाच होता, हे कुणी मोजलं? आवाज किंचित वाढला तर कान त्याला "मोठा" म्हणत नाही, "स्वच्छ" म्हणतो, "मोकळा" म्हणतो. दुसरं, एकच गाणं दुसऱ्यांदा ऐकताना पहिल्या वेळी निसटलेल्या जागा सापडतातच, तेही लागोपाठ ऐकताना. तिसरं, दुकानातल्या त्या खोलीला गालिचा असतो, जाड पडदे असतात, भिंतींना आवाज शोषणारे जाड फलक असतात. आणि महागडी वायर कधी लागली हे तुम्हाला माहीत होतं. यात दुकानदार लबाड असायचीही गरज नाही. बहुतेक वेळा त्यालाही खरंच तसं ऐकू येतं.

हा वाद जगभर जुना आहे. २००७ साली जेम्स रँडी या जादूगारानं, ज्यानं अचाट दावे सिद्ध करणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते, ते आव्हान स्पीकरच्या वायरीपर्यंत आणलं. सव्वासात हजार डॉलरच्या बारा फुटी जोडीत आणि साध्या चांगल्या वायरीत न बघता फरक ओळखून दाखवा, बक्षीस न्या. बोलणी सुरू झाली, एक नावाजलेला समीक्षक ऐकायला तयारही होता, पण वायर बनवणाऱ्या कंपनीनं अंग काढून घेतलं आणि चाचणी झालीच नाही. यावरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण अशी चाचणी घरी करायला दहा लाख डॉलर लागत नाहीत.

दुकानदाराला सांगा, वायर दोन दिवस घरी न्यायला द्या, आगाऊ पैसे तुमच्याकडे आहेतच. मुलगी सुट्टीला आली की तिला ॲम्प्लिफायरमागे बसवा. तिनं नाणं उडवायचं, छापा पडला तर महागडी वायर लावायची, काटा पडला तर २.५ एमएमची. तुम्ही पाठ करून बसायचं. आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही, दर वेळी तेच अर्ध्या मिनिटाचं गाणं. वायर तीच राहिली तरी तिनं काढून परत लावायची, नाहीतर खुडबुडीवरूनच तुम्हाला कळेल. असं दहा वेळा. नुसता अंदाज ठोकला तरी पाच बरोबर येतात, कधी सातही. नऊ किंवा दहा बरोबर आले तर मात्र मी माझं म्हणणं मागे घेईन, कारण ते नशिबानं जमण्याची शक्यता शंभरात एक आहे. वायर घरी द्यायला दुकानदार नाही म्हणाला, तर न पारखलेल्या वस्तूसाठी चाळीस हजार मागतोय एवढं तुम्हाला कळेल.

आता मला पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते. "आवाज मधोमध उभा राहत नाही, पखवाज पोकळ वाजतो." ही दोन लक्षणं एकत्र आली की माझ्या मनात पहिली शंका येते ती उलट्या जोडणीची. दोन्ही स्पीकरमागे लाल आणि काळं टोक असतं. एका स्पीकरला ती अदलाबदल होऊन लागली तर एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, खालचे स्वर एकमेकांना मारतात आणि गाणाऱ्याचा आवाज समोरून यायच्या ऐवजी खोलीभर पसरतो. कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा जो घुमारा तुम्ही वडिलांच्या मांडीपाशी बसून ऐकलात, तोच नेमका नाहीसा होतो. ॲम्प्लिफायर बंद करा, एकाच स्पीकरची दोन टोकं उलटी करून लावा, पुन्हा ऐका. फरक पडला तर फुकटात पडदा उठला. खात्रीच करायची असेल तर स्पीकरची वायर ॲम्प्लिफायरपासून सोडवून तिच्या टोकांना घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. अधिक टोक लाल तारेला लावल्यावर दोन्ही मोठ्या स्पीकरचे पडदे एकाच दिशेला, बाहेर सरकले पाहिजेत.

नवी वायर लावल्यावर आवाज सुधारला असं सांगणाऱ्या बऱ्याच लोकांच्या घरी हेच झालेलं असतं. जुनी टोकं काळवंडलेली असतात, आपल्याकडची धूळ बसलेली असते, स्क्रू सैल झालेला असतो. वायर बदलायच्या निमित्तानं ती टोकं नव्यानं सोलली जातात, घट्ट बसतात, स्पीकर वीतभर सरकतो. श्रेय जातं वायरीला.

जोडणी बरोबर निघाली तर खोलीकडे वळा. तुमच्या पत्रात वायरीवर दोन पानं आहेत आणि खोलीवर एक वाक्य: "स्लॅबची आहे, खाली शहाबादी फरशी, कडेला लोखंडी कपाट." यापेक्षा जास्त बोलकी खोली तुम्हाला ठरवूनही बांधता आली नसती. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून झणझण असा धागा ऐकू आला तर तो दर शब्दामागे लागलेला असतो. स्पीकरमधून निघालेला आवाज तुमच्यापर्यंत एकदा थेट येतो आणि मग फरशीवरून, भिंतीवरून, कपाटावरून पुन्हा पुन्हा येतो, मागचा शब्द पुढच्यात मिसळतो.

घरात जाड वाकळ असेलच. स्पीकर आणि तुमच्या बैठकीच्या मधे ती फरशीवर टाका. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर एक-एक गोधडी महिनाभर तात्पुरती टांगून बघा. कुठे टांगायची? मुलीला भिंतीलगत आरसा सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून आरशात स्पीकर जिथे दिसेल, ती जागा. पातळ पडद्यानं फक्त बारीक आवाज दबतात, म्हणून जाडच हवी. कपाट घुमत असेल तर बाहेर काढा, निघत नसेल तर दाराच्या फटीत पुठ्ठ्याची घडी घाला.

खर्जाला गोधडी पुरत नाही. बारा फुटांच्या समोरासमोरच्या दोन भिंतींमधे साधारण ४७ हर्ट्झचा स्वर अडकून उभा राहतो, दहा फुटांमधे ५६ हर्ट्झचा. खोलीत काही ठिकाणी तो फुगतो, काही ठिकाणी गायब होतो, आणि बरोबर मधोमध बसलं तर हटकून गायब होतो. पखवाज पोकळ वाटायचं हेही कारण असू शकतं. खुर्ची दोन फूट मागे किंवा पुढे घ्या. स्पीकर कोपऱ्यात कोंबलेले असतील तर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा, वरचा छोटा स्पीकर बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असे ठेवा, आणि तुम्ही व ते दोघे मिळून सारख्या बाजूंचा त्रिकोण होऊ द्या. एक रविवार जाईल. खर्च काही नाही.

आणि गुरुजी, एप्रिल-मे मध्ये तुम्ही ऐकता कसं? आमच्याकडे तर पारा चाळिशी ओलांडला की कूलरशिवाय बसवत नाही. कूलरचा आवाज ५०-६० डेसिबल असतो. ऑडिओच्या मासिकांतून वर्णन केलेली ती "मखमली शांतता" त्याच्या घरघरीत कुठल्या कुठे वाहून जाते. मराठवाड्यात खरा श्रोता पावसाळ्यापासून होळीपर्यंतच असतो, असं माझं मत आहे.

पैसे खर्च करायचेच असतील तर विजेवर करा. पॉवर कॉर्डवर नाही, घरच्या विजेवर. तुम्ही लिहिलंय की रब्बीत संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की दिवे मंद होतात, आणि टीव्ही चालू असताना स्पीकरमधून "हूं" असा आवाज येतो. या दोन खऱ्याखुऱ्या अडचणी आहेत. ॲम्प्लिफायरच्या मागच्या पट्टीवर १००–२४० व्होल्ट असं छापलेलं असेल तर मंद व्होल्टेजची चिंता सोडा, तो सांभाळून घेतो. नुसतं २३० लिहिलेलं असेल तर व्होल्टेज पडल्यावर त्याची ताकद कमी होते, मोठ्या आवाजाला तो फाटतो. तिथे चांगला स्टॅबिलायझर कामाचा.

त्याहून मोठी भीती वेगळी. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटला की सिंगल फेजच्या घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास वीज घुसू शकते. गल्लीतले टीव्ही, फ्रिज, चार्जर एकाच रात्री जळाल्याच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील, त्यातल्या बऱ्याच याच असतात. तुमची नव्वद हजारांची सिस्टिम त्याच लाइनवर आहे. व्होल्टेज ठराविक मर्यादेच्या वर गेलं की पुरवठा तोडणारं उपकरण मेन बोर्डात बसवून घ्या, दोन-तीन हजारांत होतं. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की मात्र कुठल्याही उपकरणावर विसंबू नका, सरळ प्लग काढा. केबल टीव्हीची वायरही काढा.

त्या "हूं"चंही बघू. टीव्हीचं केबलचं टोक काढल्यावर तो थांबला, तर दोन ठिकाणच्या अर्थिंगमधे फरक आहे आणि तो ५० हर्ट्झचा घुमारा तुमच्या स्पीकरमधून बाहेर पडतोय. वायरमनला बोलवून मीटरनं न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजायला सांगा. चार-पाच व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगचा खड्डा बघायला हवा. मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की नावालाच उरतो. प्लगची तिसरी पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. "हूं" थांबेल, पण ॲम्प्लिफायरच्या पत्र्यात करंट उतरला तर त्याला वाट उरणार नाही, आणि हात लावणारं माणूस घरातलंच असणार.

आता तुमच्या कानांविषयी. पत्रात दोनदा लिहिलंत, "आमच्यासारख्या खेड्यातल्या माणसाला ते बारकावे काय कळणार." हे मला खटकलं. तुमच्या अंबाजोगाई तालुक्याच्या बाजूला शंकरबापू आपेगावकरांचा पखवाज ऐकून अख्खी पिढी मोठी झाली. कीर्तनात समोर वाजणारा पखवाज, हातभरावरचे टाळ, माईकशिवाय लावलेला आवाज, हे तुम्ही पोरवयापासून ऐकलंय. खरं वाद्य कसं वाजतं हे ज्याला पाठ आहे, त्याच्याजवळ स्पीकर पारखायची सगळ्यात चांगली फूटपट्टी आहे. पखवाज पोकळ वाजतोय हे तुम्हीच ओळखलंत. मित्राला ते ओळखू आलं नव्हतं, त्यानं नुसतं "गुदमरतंय" म्हटलं. वय वाढलं की वरचे बारीक स्वर ऐकू येणं कमी होत जातं, ते पुण्यातही होतं.

तरीही ती वायर तुम्हाला नुसतीच हवीशी वाटत असेल तर? दिसायला देखणी असते, हातात वजनदार लागते, विणलेलं कापडी आवरण असतं. हौस असू शकते आणि हौसेला मी नावं ठेवणार नाही. पैठणी कुणी अंग झाकायला घेत नाही. पण पैठणचा विणकर तुम्हाला असं सांगत नाही की ही नेसल्यावर थंडी कमी वाजेल. वायर हौस म्हणून घ्यायची असेल तर घ्या, फक्त ती आवाजाची दुरुस्ती आहे असं स्वतःला सांगू नका. आणि हौसेचा पैसा मुलीच्या क्लासच्या हप्त्यानंतर येतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

राहिल्या वहिनी. पत्रात त्या दोनदाच बोलतात. नव्वद हजारांच्या वेळी म्हणाल्या, "घ्या, किती वर्षं झालं नुसतं म्हणताय." आणि आता सहा हजार ऐकून म्हणाल्या, "वायरीत काय सोनं भरलंय व्हय?" यावरून तुम्ही ठरवलंत की तिला गाण्यातलं काही कळत नाही, म्हणून किंमत लपवावी लागते. मला मात्र दिसते ती अशी बाई, जिनं मोठ्या खर्चाला एका वाक्यात होकार दिला आणि लहान खर्चावर नेमका तोच प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर तुम्ही माझ्याकडे मागताय. त्यांचा विरोध गाण्याला नाही. आणि सहा हजारसुद्धा त्यांना जास्त वाटले, तेव्हा छप्पन्न ऐकून काय वाटेल हे तुम्हाला माहीत होतं, म्हणूनच तुम्ही लपवलंत.

सांगायचं ते व्यवहार पूर्ण व्हायच्या आधी सांगा. नंतर सांगितलं तर ती कबुली होते, आधी सांगितलं तर विचारणं होतं. फार प्रस्तावना नको: "मी सहा हजार सांगितले ते खरं नव्हतं. छप्पन्नचा सौदा होता, पाच देऊन आलोय, बाकीचं रद्द करतोय." त्या रागावतील. रागावू द्या, मधेच डेसिबल समजावायला जाऊ नका. पुढच्यासाठी दोघांनी बसून एक आकडा ठरवा, महिन्याला पाचशे असो की हजार, ज्याचा हिशेब कुणी कुणाला द्यायचा नाही. तेवढाच वहिनींनाही. त्यातून साठवून पुढच्या दिवाळीला तुम्ही चांदीची वायर आणलीत तरी मग तो तुमचा प्रश्न.

अशी पत्रं आणखीही येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. लातूरला शिकणाऱ्या एकानं वीस हजारांचे हेडफोन घ्यावेत का विचारलंय. २०१७ साली ब्रेबार्ट या संशोधकानं २८३ हेडफोनची मोजमापं तपासली, तेव्हा किंमत आणि स्वरांचा समतोल यांचा काही संबंध सापडला नाही. कानाला न टोचणारे, दुरुस्त होणारे घे, आणि आवाज आवर: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास एवढीच सुरक्षित मर्यादा आहे. टीव्हीच्या एचडीएमआय वायरीबद्दल विचारणाऱ्या ताईंना, ती चालते तेव्हा पूर्ण चालते, बिघडली तर चित्र तुटतं किंवा जातं. महागड्या वायरीनं रंग उजळत नाहीत. आणि सप्ताहाच्या वर्गणीतून साउंडचं सामान घेणाऱ्या मंडळाला मात्र मी वायरीवर खर्च कराच म्हणेन. माईकपासून मिक्सरपर्यंत वीस-तीस मीटर जायचं असेल तर तीन पिनांची एक्सएलआर, दुहेरी तारेची आणि जाळीचं कवच असलेली वायर हवी, कारण माईकचा सिग्नल फार नाजूक असतो आणि साधी वायर वाटेतला घुमारा गोळा करत येते. तिथेही भाव बघू नका, पिनेपाशी सोल्डरचा डाग किती पक्का दिलाय ते बघा. वायर तुटते ती तिथेच.

तुमच्या पाच हजारांचं, गुरुजी. पावती असेल तर दुकानदाराला फोन करून आधी परत मागा. नाही म्हणाला तर भांडत बसू नका, त्या रकमेत स्पीकरचे स्टँड मिळतात का विचारा. तुमचे स्पीकर सध्या टेबलावर आहेत असं लिहिलंय, त्यामुळे स्टँड उपयोगी पडतील. घ्यायच्या आधी तुमच्या खुर्चीवर बसून जमिनीपासून कानापर्यंतची उंची टेपनं मोजून न्या.